फुंक पाइपात, सूर स्पीकरात

घरी बनवलेलं इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्य पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: यात फुंकल्यावर वाजतं तरी काय? प्रश्न अगदी रास्त आहे. समोर पीव्हीसीचा हातभर पाइप असतो, त्यावर तांब्याच्या चकत्या, एका टोकाला तोंडात धरायची नळी आणि दुसऱ्या टोकातून निघालेली वायर. वादक फुंकतो आणि सूर येतो कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, की असं वाद्य बनवण्याचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

१. पाइपात काहीच वाजत नाही

बासरीत आपण फुंकरीची पातळ धार भोकाच्या कडेवर सोडतो. त्या धारेमुळे नळीतल्या हवेचा स्तंभ थरथरतो आणि ती थरथर म्हणजेच सूर. सनईत आधी पत्ती कंप पावते आणि मग हवा. दोन्हीकडे ध्वनीची सगळी ऊर्जा वादकाच्या छातीतून येते.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात मात्र पाइपाच्या आत काहीच कंप पावत नाही. आत असतो दाब मोजणारा एक लहानसा सेन्सर. तो फुंकेचा दाब विजेच्या व्होल्टेजमध्ये बदलतो. एक छोटा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, ते व्होल्टेज वाचून त्याचा आकडा करतो, बोटं कुठे आहेत ते पाहतो आणि दोन्ही गोष्टी ध्वनी तयार करणाऱ्या यंत्राला कळवतो. हे यंत्र म्हणजे सिंथेसायझर. तो स्वतंत्र डबा असेल, नाहीतर लॅपटॉपवरचा किंवा फोनवरचा प्रोग्राम. थोडक्यात, फुंक ही इथे नळाची चावी आहे. पाणी टाकीतून येतं, पण किती, केव्हा आणि कसं यायचं ते चावी ठरवते.

यातून एक मोठी मोकळीक मिळते. बांबूच्या बासरीचं भोक जरा सरकलं की ती बेसूर होते. इथे पाइपाची लांबी, जाडी, भोकांमधलं अंतर यांचा सुराशी काहीही संबंध नाही. खर्जाच्या मोठ्या बासरीवर लहान हाताच्या वादकाला बोटं ताणून धरावी लागतात. इथे चकत्या बोटांना सोयीच्या पडतील तिथे बसवाव्यात.

२. बटण दाबून सूर येतो, मग फुंकायचं कशाला?

कीबोर्डची पट्टी दाबली की यंत्राला साधारण दोनच गोष्टी कळतात: कोणती पट्टी आणि किती जोराने. पुढे तो सूर जितका वेळ टिकेल, तितका वेळ त्याच्या अंगात काय घडावं हे सांगायला साध्या कीबोर्डवर फारसं साधन नाही. फुंकेचं तसं नाही. सूर हळू सुरू करावा, मध्ये भरावा, शेवटी किंचित हलवून विरू द्यावा, हे सगळं एकाच श्वासात होतं आणि प्रत्येक क्षण वादकाच्या ताब्यात असतो. माझ्या मते या वाद्याचं सगळं मोल इथेच आहे. म्हणून बनवताना सर्वात जास्त वेळ फुंक मोजण्यावर द्यावा, बाकीचं मागून.

हे कीबोर्ड बनवणाऱ्यांनाही जाणवलं होतं. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ या गाजलेल्या कीबोर्डला फुंकेच्या यंत्रासाठी वेगळी जागा होती. वादक ते तोंडात धरायचा, हातांनी पट्ट्या दाबायचा आणि सुराचा चढउतार फुंकेने करायचा.

त्याआधीच, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत बिल बर्नार्डी यांनी लिरिकॉन नावाचं वाद्य तयार केलं होतं. बाजारात आलेलं हे पहिलं फुंकेचं सिंथेसायझर. मायकल जॅक्सन यांचं १९८२च्या ‘थ्रिलर’मधलं ‘बिली जीन’ ऐकलेल्या प्रत्येकाने लिरिकॉन ऐकलेलं आहे. ते टॉम स्कॉट यांनी वाजवलं.

पण घरी वाद्य बनवणाऱ्यांना जवळचे वाटतात ते नाइल स्टायनर. स्टायनर ट्रम्पेटवादक होते. आपल्या बोटांना सवयीची असलेली तीन बटणांची पद्धत ठेवून त्यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या हाताने एक इलेक्ट्रॉनिक वाद्य बांधलं. ट्रम्पेटच्या बटणांवरून त्याला ईव्हीआय म्हणतात. पुढे सॅक्सोफोन आणि बासरीवाल्यांच्या बोटांना जमेल असं ईडब्ल्यूआय त्यांनी केलं आणि १९८७मध्ये अकाई या जपानी कंपनीने दोन्ही बाजारात आणली. मायकल ब्रेकर यांनी ईडब्ल्यूआयला जॅझच्या मंचावर मान मिळवून दिला. त्यांच्या १९८७च्या, त्यांच्याच नावाच्या अल्बममध्ये ते वाद्य ऐकायला मिळतं.

आज हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आलं आहे. स्वीडनच्या योहान बर्गलुंड यांनी स्टायनर यांच्या ईव्हीआयच्या धर्तीवर न्यूईव्हीआय हे वाद्य रचलं आणि त्याचा आराखडा व प्रोग्राम सर्वांसाठी खुला ठेवला. तयार वाद्याची किंमत परवडत नसली, तरी सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, धुंडाळता येतात.

३. फुंक किती जोराची?

सेन्सर घेण्याआधी आपल्याला काय मोजायचं आहे ते कळायला हवं. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. उंच भांड्यात पाणी घ्या, स्ट्रॉ १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि हळूहळू फुंकायला लागा. पहिला बुडबुडा सुटेल तेव्हा तुमच्या तोंडातला दाब जवळपास १ किलोपास्कल असतो. २० सेंटीमीटर बुडवून बुडबुडा काढला तर २ किलोपास्कल. क्लॅरिनेट वाजवताना तोंडात साधारण २ ते ५ किलोपास्कल दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोनशेच्या वर असतो. तो मोजणारा सेन्सर इथे कुचकामी, कारण आपली सगळी फुंक त्याच्या मोजपट्टीच्या पहिल्या रेघांमध्येच संपेल.

एमपीएक्स-५०१० हा सेन्सर ० ते १० किलोपास्कल मोजतो. त्याला ५ व्होल्ट पुरवठा दिला, की फुंक नसताना तो सुमारे ०.२ व्होल्ट देतो आणि पुढे दर किलोपास्कलला ०.४५ व्होल्टची भर घालतो. आता हिशेब करू. समजा, ४ किलोपास्कल ही आपली सर्वात जोरदार फुंक. तेव्हा व्होल्टेज होईल ०.२ अधिक ४ गुणिले ०.४५, म्हणजे २ व्होल्ट. अर्दुइनो जातीचा साधा मायक्रोकंट्रोलर ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. त्याच्या लेखी फुंक नसताना आकडा ४१ आणि पूर्ण जोरात ४०९. म्हणजे सर्वात हलक्या फुंकेपासून सर्वात जोरदार फुंकेपर्यंत ३६८ पायऱ्या मिळाल्या. सिंथेसायझरला ० ते १२७ एवढेच आकडे हवे असतात, तेव्हा या पायऱ्या पुरून उरतात. २ किलोपास्कलची मधली फुंक २२५ वाचली जाते. त्यातून ४१ वजा केले, ३६८ने भागलं, १२७ने गुणलं, की येतात सुमारे ६४. अर्धी फुंक, अर्धा आकडा.

पण ‘अर्ध्या फुंकेला अर्धा आकडा’ हा नियम कानाला रुचत नाही. हळू वाजवताना आपल्याला बारीक फरक हवे असतात आणि सरळ रेषेचा हिशेब तिथे घाईने वर चढतो. म्हणून प्रोग्राममध्ये ती रेषा वाकवतात. सोपी युक्ती म्हणजे वर्ग करणं. अर्धी फुंक म्हणजे ०.५, तिचा वर्ग ०.२५; आकडा ६४ऐवजी ३२. आता हळुवार वाजवण्याला दुप्पट जागा मिळाली. हा वाक किती असावा याला ठरलेलं उत्तर नाही. प्रत्येकाची छाती वेगळी, प्रत्येक सिंथेसायझरचा प्रतिसाद वेगळा. वाजवत जावं, बदलत जावं.

सूर सुरू होण्याचा आणि थांबण्याचा उंबरठा मात्र एकच ठेवू नये. दोन्हीसाठी १० हाच आकडा धरला, तर फुंक ९ आणि ११च्या मध्ये घुटमळताना सूर सारखा तुटेल आणि फडफडेल. १२ला सुरू, ८ला बंद, असा फरक ठेवला की फडफड थांबते. शिवाय फुंक नसतानाचा ४१ हा आकडा प्रत्येक सेन्सरला आणि तापमानाप्रमाणे थोडा बदलतो. वाद्य चालू होताना प्रोग्रामने क्षणभर तो स्वतः वाचून घ्यावा आणि तेवढा वेळ वादकाने नळी तोंडात घेऊ नये.

४. वाफ, लाळ आणि अडलेला दम

श्वासात वाफ असते. गार नळीत तिचे थेंब होतात, त्यात लाळ मिसळते. एमपीएक्स जातीचे सेन्सर कोरड्या हवेसाठी बनवलेले आहेत. म्हणून सेन्सर फुंकेच्या थेट वाटेत कधीच ठेवू नये. फिश टँकच्या हवेच्या पंपासाठी मिळते ती पातळ नळी आणि तिचा ‘टी’ जोड घ्यावा. मुख्य वाट तोंडापासून पाइपाच्या शेवटाकडे जाते. टीच्या आडव्या फांदीवर सेन्सर. ही फांदी वाजवताना वरच्या बाजूला राहील अशी वळवावी, म्हणजे पाणी उतरणीने मुख्य वाटेत परत येतं. त्या फांदीत हवा वाहत नाही, फक्त दाब पोचतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

मुख्य वाटेच्या शेवटी बारीक छिद्र ठेवणं हे या बांधणीतलं सर्वात कमी लेखलं जाणारं काम. छिद्रच नसेल तर हवा कुठेच जात नाही. दाब नुसता धरून ठेवला तरी सूर वाजत राहतो आणि नवख्या माणसाला वाटतं, वा, दम लागतच नाही! प्रत्यक्षात दम वेगळ्याच प्रकारे लागतो. छातीत जुनी हवा कोंडलेली असते, त्यामुळे नवा श्वास घेण्याआधी ती सोडावी लागते. ओबो वाजवणाऱ्यांना हा त्रास नेहमीचा आहे, कारण त्यांच्या बारीक पत्तीतून फार थोडी हवा जाते. बासरीवाल्याला मात्र सवय उलटी असते; त्याची हवा भराभर संपते. छिद्र मोठं केलं की वाद्य बासरीसारखं वागतं, लहान केलं की ओबोसारखं. छिद्रावर एक छोटा स्क्रू बसवून ते कमीजास्त करता येईल असं करावं. छातीला जुळणारं माप सापडलं, की वाद्य आपलं वाटू लागतं.

५. बोटं, आणि सप्तकाचा पेच

आपलं बोट विजेच्या दृष्टीने एक छोटंसं साठवण पात्र आहे. तांब्याच्या चकतीला ते टेकलं की चकती भरायला किंचित जास्त वेळ लागतो. मायक्रोकंट्रोलर तो फरक ओळखतो. यालाच स्पर्शसंवेदन म्हणतात. मोबाइलचा पडदाही याच तत्त्वावर चालतो. एमपीआर-१२१ ही चिप एका वेळी १२ चकत्या सांभाळते. सहा चकत्या बासरीच्या भोकांच्या जागी, उरलेल्या अंगठ्यांसाठी.

बोटांची पद्धत बासरीचीच ठेवता येते. सहाही बंद म्हणजे खालचा पंचम. खालून एकेक बोट उचललं की धैवत, निषाद, आणि वरची तीन बंद राहिली की षड्ज. पुढे रिषभ, गंधार, आणि सगळी मोकळी केल्यावर तीव्र मध्यम. प्रोग्राममध्ये ही एक यादी असते: अशी बोटं, असा सूर.

पण पंचमावरून षड्जावर जाताना तीन बोटं एकाच क्षणी उचलली जात नाहीत. एखादं मागे राहतं आणि मध्येच धैवत किंवा निषाद चमकून जातो. बांबूच्या बासरीत ही गडबड हवेत विरघळते. इथे तो सूर लख्ख वाजतो. उपाय असा की बोटांची रचना बदलल्यावर प्रोग्रामने १० मिलिसेकंद थांबावं आणि रचना स्थिर असेल तरच नवा सूर द्यावा. हा उशीर किती? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंदांत ३.४ मीटर. स्पीकरपासून चार पावलं लांब उभं राहिल्याने जेवढा उशीर होतो, तेवढाच. चालून जातं. ३० केले तर बोटांना वाद्य जड वाटायला लागतं.

बासरीवाल्याला खरी अडचण येते ती सप्तकाची. बासरीत तीच बोटं ठेवून फुंक धारदार केली की तार सप्तक मिळतं. इथे फुंक सुराच्या भरावाला वाहिलेली आहे, तेव्हा सप्तक बदलायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. ते डाव्या अंगठ्याकडे द्यावं. अकाईच्या ईडब्ल्यूआयमध्येही अंगठ्याखाली फिरणाऱ्या चक्र्यांवरूनच सप्तक बदलतं. ही सवय लागायला महिने जातात. पण तिचं फळ मोठं आहे. तार षड्ज कुजबुजल्यासारखा आणि मंद्र पंचम घुमवून वाजवता येतो, जे बासरीवर अतिशय अवघड.

६. सूर कळवण्याची भाषा

पाइप आणि सिंथेसायझर मिडी नावाच्या ठरावीक भाषेत बोलतात. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ती स्वीकारली आणि आजही तीच चालते. तिच्यात प्रत्येक सुराला क्रमांक आहे. हार्मोनियमवाले जिला काळी एक म्हणतात, तिच्या मधल्या सप्तकातल्या सुराचा क्रमांक ६१. एकेक पट्टी वर गेलं की एकेकाने वाढतो. फुंकेसाठी वेगळा खाना राखून ठेवलेला आहे, क्रमांक २.

इथे आणखी एक मोकळीक आहे. बासरीवाल्याला पट्टी बदलायची तर बासरी बदलावी लागते, म्हणून तो पिशवीभर बासऱ्या बाळगतो. इथे प्रोग्राममधला षड्जाचा एक आकडा ६१वरून ६५ केला, की सगळं वाद्य काळी एकवरून पांढरी चारवर येतं.

एक बारकावा सांगायलाच हवा. सूर सुरू करताना आधी फुंकेचा आकडा पाठवावा, मग सुराचा. उलट केलं तर सूर मागच्या फुंकेच्या जोराने फुटतो आणि पहिल्याच क्षणी फट् असा आवाज येतो.

७. स्वयंभू गंधार आणि ९६

मिडीचे क्रमांक हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे आहेत: सप्तकाचे सारखे १२ भाग. आपला कान एवढ्यावर समाधानी होत नाही. नीट जुळलेला तानपुरा वाजू लागला की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. हार्मोनियमचा शुद्ध गंधार त्याहून किंचित चढा आहे. हा फरक सेंटमध्ये मोजतात. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट. हार्मोनियमचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, तानपुऱ्यातला सुमारे ३८६वर. तानपुरा लावून भूप वाजवायला घेतला, की हे १४ सेंट चांगलेच टोचतात.

मिडीत यावर इलाज आहे. सूर खालीवर वाकवण्यासाठी ० ते १६३८३ असा मोठा खाना असतो आणि मध्यावर, म्हणजे ८१९२वर, सूर सरळ असतो. सिंथेसायझरमध्ये हा वाक दोन्ही बाजूंना १२ पट्ट्यांचा ठेवला, तर ८१९२ पायऱ्या १२०० सेंटमध्ये विभागल्या जातात. एका सेंटला ६.८३. १४ सेंटना सुमारे ९६. म्हणून गंधाराची बोटं लागताच ८१९२ऐवजी ८०९६ पाठवायचे. हा ९६चा आकडा यादीत गंधारासमोर लिहून ठेवला, की वाद्य तानपुऱ्याच्या गंधारात मिसळतं. प्रत्येक रागासाठी अशी वेगळी यादी करता येते. कोमल रिषभ भैरवात किती खाली ठेवायचा, हे मग कानाने ठरवायचं आणि आकड्यात लिहायचं.

मींडही याच खान्यातून निघते. बांबूवर बोट भोकावरून हळूहळू सरकवलं की सूर वाहत जातो. तांब्याची चकती मात्र बोट आहे किंवा नाही एवढंच धडपणे सांगते. अर्धं बोट ओळखायला लावलं तर पावसाळ्यात घामट हातांनी ती गोंधळते. त्यापेक्षा उजव्या अंगठ्याखाली स्पर्शाची जागा सांगणारी लांबट पट्टी बसवावी. अंगठा तिच्यावर जितका सरकेल तितका सूर वाकेल. षड्जावरून पंचमापर्यंतची मींड म्हणजे सात पट्ट्यांचा प्रवास. १२ पट्ट्यांचा वाक ठेवलेला असल्याने तो आरामात बसतो.

८. मंचावर

सिंथेसायझरमध्ये बासरीचा आवाज निवडण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकणारा लगेच खऱ्या बासरीशी तुलना करतो आणि बांबूची ती हवेची सरसर इथे नसते. त्याऐवजी साधा आवाज निवडावा आणि फुंकेला दोन कामं द्यावीत: आवाज मोठा करणं आणि उजळ करणं. खऱ्या वाद्यात जोरात फुंकलं की सूर मोठा तर होतोच, शिवाय त्यातले वरचे अंशस्वर जागे होतात आणि तो तेजस्वी होतो. सिंथेसायझरमध्ये वरचे अंशस्वर अडवणारी चाळणी असते, तिला फिल्टर म्हणतात. फुंकेबरोबर ही चाळणी उघडत गेली, की पाइपातून श्वास आल्यासारखा वाटतो. नुसता मोठा-लहान होणारा आवाज रेडिओची खुंटी फिरवल्यासारखा कृत्रिम लागतो.

बासरी वाजवताना वादकाला ओठांवर आणि बोटांखाली कंप जाणवतो. इथे पाइप मुका आहे, वादकाला सगळी माहिती कानातूनच मिळते. त्यामुळे त्याचा स्वतःचा स्पीकर त्याच्या पाठीशी, खांद्याच्या उंचीवर हवा. श्रोत्यांनाही त्याचा फायदा होतो: आवाज वादकाच्या जागेवरून येतो आणि बोटांची हालचाल व सूर यांचं नातं डोळ्यांना पटतं. सभागृहाच्या दोन कडांच्या मोठ्या स्पीकरमधूनच आवाज आला, तर लोकांना ध्वनिमुद्रण लावल्याचा संशय येतो. तबल्याच्या साथीदाराकडेही थोडा आवाज वळवावा.

स्पर्शाच्या चकत्या वीजपुरवठ्याबाबत चोखंदळ असतात. घरी लॅपटॉप बॅटरीवर असताना नीट चालणारं वाद्य मंचावर दोन पिनांच्या चार्जरवर लावलं, की न टेकलेली बोटं टेकल्यासारखी वाचली जाऊ शकतात. मंचावर जो पुरवठा असेल त्याच पुरवठ्यावर आधी रियाज करावा, किंवा लॅपटॉप भरून घेऊन मैफल बॅटरीवरच करावी. वायर पाइपाला आतून गाठ मारून पक्की करावी, कारण ओढ बसते ती नेमकी सोल्डरच्या जोडावर.

साउंड चेकच्या वेळी फक्त आवाज किती मोठा आहे हे पाहू नये. सर्वात हलकी फुंक शेवटच्या रांगेत पोचते का ते पाहावं. पंखे, वातानुकूलन, लोकांची कुजबुज यांत हळुवार सूर बुडत असेल, तर एकूण आवाज वाढवण्याऐवजी फुंकेच्या रेषेचा वाक कमी करावा: वर्गाऐवजी थोडा सरळ हिशेब. ३२ऐवजी ४५ला आलेली ती अर्धी फुंक मागच्या रांगेला ऐकू येते आणि पुढच्या रांगेच्या कानावर आदळत नाही. असे दोन-तीन वाक वाद्यात आधीच भरून ठेवावेत आणि एका बटणावर बदलता यावेत, म्हणजे लहान खोलीतली बैठक आणि मोठं सभागृह दोन्हीकडे छातीची सवय तीच राहते.